उसने बूट

बूट दहा नंबरचे होते आणि माझा पाय आठचा. नैननं लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड पुढ्यात टाकले. "दोन्ही घाल. तुझ्या त्या रबरी बुटांनी आलास तर खाली येताना मलाच तुला पाठुंगळी घ्यावं लागेल." बूट तिच्या नवऱ्याचे. तो जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी दर हिवाळ्याच्या तोंडाशी ती त्यांना मेण चोळून ठेवायची.

नैन म्हणजे आजी. उत्तर वेल्समध्ये आजीला नैनच म्हणतात. २०१० साली मी मातीवर संशोधन करायला बँगर विद्यापीठात गेलो आणि जवळच्या बेथेस्दा गावात तिच्या घरी माडीवरची खोली भाड्यानं घेतली. नातवंडं तिला नैन म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. बोलणं इंग्रजीत, पण मनातल्या मनात मी तिला पहिल्यापासून 'तू'च म्हणत होतो. ती मला 'बाख' म्हणायची. आपलं 'बाळा' म्हणा ना.

दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिचं चार महिन्यांचं भाडं थकलं होतं. शिष्यवृत्तीचा एक कागद कुठल्याशा टेबलावर अडकला होता आणि माझ्या ईमेलना उत्तर येत नव्हतं. जिन्याची चौथी पायरी करकरायची, म्हणून मी ती टाळून चढायचो. स्वयंपाकघरात तिची चाहूल लागली की वरच थांबायचो. नैननं भाड्याचा शब्द काढला नाही, आणि धास्ती त्याचीच होती. त्यामुळे एका शुक्रवारी रात्री तिनं "उद्या डोंगरावर येतोस?" असं विचारलं तेव्हा मी ओळखलं: घरात बोलायला अवघड वाटतंय, म्हणून म्हातारी मोकळ्यावर नेतेय.

डोंगर म्हणजे स्नोडन. वेल्श लोक त्याला 'अर विद्वा' म्हणतात, अर्थ थडगं. राजा आर्थरनं मारलेला एक राक्षस शिखरावरच्या दगडांखाली पुरलाय म्हणे. उंची १०८५ मीटर. आमची कळसूबाई १६४६ मीटर आहे, हे मी गाडीत बसल्या बसल्या सांगून टाकलं. "मग तुला सोपंच जाईल," नैन म्हणाली. तिचं वय बहात्तर.

पेन-अ-पासला गाडी लावली. ही खिंडच ३५९ मीटरवर आहे, म्हणजे चढ उरला सातशेच्या वर. सुरुवातीची वाट मात्र बैलगाडी जाईल इतकी रुंद. तांब्याच्या खाणीसाठी केलेली. एक लहानसं तळं मागे पडलं आणि मग लदाऊचं लांबच लांब काळं पाणी समोर आलं. वाट तळ्याच्या कडेनं न जाता सरळ पाण्यातून, दगडी बांधावरून जाते. हा बांध १८५३ सालचा. त्याच्या आधी खनिज होडीतून पलीकडे न्यायचे. त्याहीआधी तर माणसं ते पाठीवर घेऊन वरच्या खिंडीपर्यंत चढवायची आणि डोंगराच्या दुसऱ्या अंगानं ओढत उतरवायची. "भरल्या पोत्यानिशी," नैन म्हणाली, "आणि तू डब्याची पिशवी घेऊन धापा टाकतोयस."

मोडक्या गिरणीच्या भिंतीआड वारा लागत नव्हता. तिथं तिनं थर्मास उघडला आणि मनुका घातलेल्या 'बारा ब्रिथ' पावाचे दोन काप काढले. आता विषय निघणार, असं मला वाटलं. निघालाही.

"माझ्या आजोबांनी तीन वर्षं उधारीवर काढली," ती म्हणाली.

घास घशातच अडकला.

बेथेस्दा हे स्लेटच्या खाणीचं गाव. नोव्हेंबर १९०० मध्ये पेन्रिनच्या खाणीतले सुमारे २,८०० कामगार बाहेर पडले, ते १९०३ पर्यंत. काहीजण मधेच कामावर परतले, तेव्हा संपकऱ्यांनी आपल्या खिडक्यांत पाट्या लावल्या: या घरात गद्दार नाही. नैनच्या आजोबांच्या खिडकीतही पाटी होती आणि चूल मात्र वाण्याच्या भरवशावर. संप मोडला. वाण्याची वही फिटायला पुढची अकरा वर्षं लागली. "शनिवारी पगार झाला की आधी दुकान, मग घर," नैन म्हणाली. हे मला ऐकवण्यासाठीच चाललंय, यात मला शंका उरली नाही. मी माफीचं वाक्य जुळवायला लागलो. तोवर तिनं थर्मासचं झाकण लावलं होतं.

पुढे चालताना तिनं विद्यापीठाची गोष्ट काढली. १८८४ साली बँगरचं कॉलेज उघडलं ते एका जुन्या सराईच्या इमारतीत, आणि त्यासाठी खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून पेन्स दिले होते. यावर मात्र मला बोलता आलं. मी कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलो. ही संस्था १९१९ ची. आमची आजी दळायला बसण्याआधी मूठभर धान्य एका मडक्यात टाकायची. ते वसतिगृहातल्या पोरांसाठी जायचं. नैन थांबली. "कुणाची पोरं?" "कुणाचीही." तिनं मान हलवली आणि बराच वेळ काही बोलली नाही. दोन्ही बाजूंचं मिळून मी किती जणांचं खाल्लंय, हा हिशेब तेव्हा डोक्यात आला. त्यानं भाड्याचा हिशेब हलका मुळीच झाला नाही.

ग्लासलिन हे वरचं तळं. तांब्यामुळे पाणी मोरचुदासारखं हिरवं-निळं. आर्थरची तलवार इथंच फेकली, असं काहीजण सांगतात. काहीजण लदाऊ म्हणतात. नैनचं मत विचाराल तर तलवार विकली असणार.

तळं सोडलं आणि वाटेनं दात दाखवले. निसटते दगड, ओल्या पायऱ्या, मग धुकं, मग समोरून टोचणारा पाऊस. दहा नंबरच्या बुटात टाच वर-खाली होत होती. मांड्या थरथरायला लागल्या. नैन माझ्या पुढे चार पावलं, तीच चाल, तोच वेग, काठीही न टेकता. मी रेंगाळलो की न वळता म्हणायची, "अरा देग, बाख." सावकाश. नागमोडी वळणांच्या अध्येमध्ये कुठंतरी माझा दम आणि धीर एकदमच सुटला.

"नैन, भाड्याचं... मी..."

ती वळली. टोपीच्या कडेवरून पाणी गळत होतं. "इथं? या वाऱ्यात?"

"मला वाटलं त्यासाठीच तू मला..."

"माझी मुलगी म्हणते, सत्तरी उलटल्यावर एकटीनं डोंगरावर जायचं नाही. कुणीतरी सोबतीला हवं होतं." मग माझ्या पायांकडे बघून, "आता मलाही वाटतंय की दुसरं कुणीतरी बघायला हवं होतं. कागद येईल तेव्हा पैसे येतील. पाय बघून टाक."

वर खिंडीतल्या उभ्या शिळेपाशी पोचलो तर शेजारून आगगाडीची शिटी. ही दातेरी रुळांची गाडी १८९६ पासून पलीकडच्या लानबेरिस गावाहून प्रवासी वर आणते. शिखरावर कोरड्या कपड्यांतली माणसं उतरून फोटोच्या रांगेत उभी होती. दिसत काहीच नव्हतं. नैननं शिखरावरच्या खांबाला हात लावला, आपण देवळाच्या पायरीला लावतो तसा, आणि लगेच उतरायला लागली. उतरणीवर मी दोनदा बसलो आणि एकदा पडलो. तेव्हा तिनं दंडाला धरलं ते लदाऊच्या बांधापर्यंत सोडलं नाही. सोबतीला नेमकं कोण कुणाच्या गेलं होतं, हे तिच्या मुलीला आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.

डिसेंबरात पैसे आले. मी पाकीट स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. नैननं चष्मा लावून नोटा दोनदा मोजल्या, एक पौंडही सोडला नाही, आणि पावती लिहून दिली. मला फार बरं वाटलं. बूट परत करायला गेलो तर म्हणाली, "राहू देत. आता ते तुला सवयीचे झालेत." पावती भाड्याची तेवढी दिली, बुटांची काही तिनं लिहिली नाही.

ती २०१८ मध्ये गेली. मुलीचं पत्र आलं तेव्हा मी साताऱ्यात होतो.

मागच्या पावसाळ्यात बुटांचे तळ सुटले. अजिंक्यताऱ्याखाली बसणाऱ्या एका चांभाराकडे ते नेले. त्यानं आत हात घालून पाहिलं. म्हणाला, "साहेब, हे तुमच्या मापाचे न्हाईत. आत पातळ तळ घालून देऊ का, घट्ट बसतील."

"नको," म्हटलं, "मी दोन मोजे घालतो."