बाबा, बटण आणि बूटलोडर

तर झालं असं, रात्री अकराला राउटरचं फर्मवेअर अपडेट सुरू केलं आणि दात घासायला गेले. तेवढ्यात, गावाहून आलेल्या बाबांनी सवयीप्रमाणे हॉलमधली सगळी बटणं बंद केली. संपलं! राउटर नुसता डोळे मिचकावत बसला. सकाळी नऊला क्लायंटचा कॉल. मी बाबांवर चक्क ओरडले. ते गप्पपणे खोलीत निघून गेले.

मोबाइलच्या नेटवर शोधलं, तर जरा धीर आला. फर्मवेअर अर्धवट राहिलं, तरी राउटरला जागं करणारा बूटलोडर फ्लॅश मेमरीत वेगळ्या जागी असतो. तो बहुतेकदा शाबूत राहतो. फर्मवेअरची फाइल उतरवली, लॅपटॉपला लॅन केबल जोडली, आयपी हाताने १९२.१६८.१.२ दिला. आता रिसेट पिनने दाबून धरत राउटर ऑन करायचा आणि लगेच टीएफटीपीने फाइल पाठवायची. दोन हात पुरेनात.

"बाबा, सॉरी. जरा येता?"

आले. श्वास रोखून पिन धरून बसले. पाचेक मिनिटांनी हिरवा दिवा लागला.

सांगितलं असतं तर त्यांनी बटणाला हात लावला असता का? चूक माझीच.

सकाळी बटणाशेजारी चिठ्ठी होती, बाबांच्या वळणदार अक्षरात : 'हे बंद करू नये.'