जेथे अपील नाही

वकिली करणाऱ्या माणसाच्या करमणुकीविषयी समाजाच्या काही ठरीव कल्पना असतात. त्याने फार तर बुद्धिबळाचा पट मांडावा, चौघे जमल्यास ब्रिज खेळावा, नाहीतर रविवारच्या दुपारी एखादा जाड ग्रंथ छातीवर ठेवून डोळे मिटावेत. आमच्या कचेरीत कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर, लाल-पांढऱ्या रंगाचा एक जुना व्हिडिओ गेम आहे, हे कळल्यावर पुष्कळ अशिलांच्या चेहऱ्यावर शंका उमटते. आपला दावा आपण योग्य माणसाच्या हाती दिला ना, अशी ती शंका असते. तिचे निरसन करावे म्हणून नव्हे, तर या यंत्राचे आमच्यावर जे ऋण आहे ते नोंदवून ठेवावे म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम यंत्राचा परिचय करून देणे योग्य होईल. जपानातील क्योतो शहरी १८८९ साली निन्टेंडो नावाची एक पेढी निघाली. हाताने रंगविलेले खेळायचे पत्ते विकणे हा तिचा मूळ व्यवसाय. याच पेढीने १५ जुलै १९८३ रोजी घरच्या टीव्हीला जोडावयाचे एक यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव ‘फॅमिली कॉम्प्युटर’, बोलण्यात ‘फॅमिकॉम’. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते घडले. १९८५ साली ते निराळे रूप व निराळे नाव घेऊन अमेरिकेत गेले आणि अखेरपर्यंत जगभर त्याचे सुमारे ६ कोटी १९ लाख नग खपले. आपल्याकडे १९९०च्या दशकात घरोघर पोहोचल्या त्या बहुतांशी त्याच्या नकला. आमच्या घरी आलेले यंत्र काकांनी १९९२ साली मस्कतहून आणले होते. ज्या डब्यात खेळ साठवलेला असे त्याला आपण सर्वजण ‘कॅसेट’ म्हणत असू, जरी तिच्यात फीत नावाला नसे. चित्र उमटले नाही की कॅसेट काढून तिच्या तोंडात फुंकर मारावयाची, हा विधी मात्र कोणी शिकविल्याशिवाय सर्वांना येत असे.

या यंत्रावर अवश्य खेळावेत असे खेळ कोणते, असे आमचे तरुण सहकारी अधूनमधून विचारतात. त्यांना आम्ही पाचच नावे सांगतो. खेळ निवडताना आमची कसोटी एकच आहे: हरल्यावर दोष कोणास द्यावासा वाटतो? कोर्टात हरलेला पक्षकार न्यायाधीशाला दोष देतो, साक्षीदाराला देतो, आणि फीची बाकी द्यावयाची असल्यास वकिलाला अवश्य देतो. वरच्या न्यायालयाचे दार उघडे असते, त्यामुळे पराभव त्याच्या पचनी पडतच नाही. या पाच खेळांत वरचे न्यायालय नाही. तरीही हरणारा मनुष्य उठून ‘अन्याय झाला’ असे म्हणत नाही. हे कसे घडते, याचे कुतूहल आम्हांस वीस वर्षांच्या वकिलीत वाढतच गेले आहे.

पहिला खेळ ‘डाँकी काँग’. एक महाकाय वानर उंचावरून पिंपे फेकतो आणि एका सुताराने ती चुकवीत, शिड्या चढत वर पोहोचावयाचे, एवढेच त्याचे कथानक. हा सुतारच पुढे मारिओ या नावाने जगप्रसिद्ध झाला. नाणे टाकून खेळावयाच्या मोठ्या यंत्रावर हा खेळ १९८१ साली आला, आणि १९८३ साली फॅमिकॉमबरोबर विक्रीस आलेल्या पहिल्या तीन खेळांत त्याची गणना झाली. वकिलाने तो खेळावा याचे आणखी एक कारण आहे. १९८२ साली युनिव्हर्सल या अमेरिकी चित्रपटसंस्थेने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा गुदरला की, हा वानर म्हणजे ‘किंग काँग’ची नक्कल होय. निन्टेंडोचे वकील जॉन कर्बी यांनी दाखवून दिले की, काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दाव्यात याच संस्थेने किंग काँगची कथा कोणाच्याच मालकीची राहिलेली नाही असे प्रतिपादन केले होते. तेव्हा एक आणि आता एक, असे बोलणाऱ्याला न्यायालयाने उभे केले नाही. १९८३ साली निन्टेंडोच्या बाजूने निकाल लागला व पुढच्या वर्षी तो अपिलात कायम झाला. कंपनीने कृतज्ञतेने कर्बी यांना ‘डाँकी काँग’ याच नावाची एक शिडाची नौका भेट दिली. आमच्या पेशात अशिलाकडून आंब्याची पेटी मिळाली तरी आम्ही धन्यता मानतो!

दुसरा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, दिनांक १३ सप्टेंबर १९८५. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका यांनी तो रचला आणि कोजी कोंदो यांनी त्याचे संगीत दिले. आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, असा हा बत्तीस टप्प्यांचा विस्तार अवघ्या ४० किलोबाइटांत बसविला आहे. जागा वाचविण्यासाठी आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप यांचा आकार एकच ठेवून केवळ रंग बदलला आहे. कायदा आधी जाहीर झाल्याखेरीज त्याच्या भंगाबद्दल शिक्षा करू नये, हे तत्त्व आम्ही विद्यार्थिदशेत घोकले. या खेळाने ते पहिल्याच पडद्यात आचरून दाखविले आहे. आरंभी मोकळी जागा आहे. मग एक भुवया ताणलेला जीव आपल्याकडे चालत येतो. त्याला चुकविले नाही तर प्राण जातो. पण जातो तो आरंभीच, जेव्हा गमावण्यासारखे काहीच कमावलेले नसते. पुढे विटेतून अळंबी निघते, नळावर आपटून उलट फिरते आणि आपल्याच अंगावर येते. तिला भ्यावे असे वाटते तोच ती लागून मारिओ मोठा होतो. धोका काय आणि प्रसाद काय हे अर्ध्या मिनिटात, एका शब्दावाचून समजते. आमची आजी पाठीमागे बसून हे पाही. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळमी हा तिचा जिव्हाळ्याचा विषय. “एक अळमी खाऊन इतका वाढला, याला शागुती करून घातली तर काय होईल!” असे ती म्हणे. तिला बटणे कोणती ते ठाऊक नव्हते. नियम मात्र सगळे ठाऊक होते.

तिसरा ‘डक हंट’, १९८४चा. यात बंदूक टीव्हीवर रोखून उडती बदके टिपावयाची असतात. बंदुकीतून काही सुटते असे मुलांना वाटते; वस्तुतः बंदूक प्रकाश सोडत नाही, घेते. चाप ओढताच सारा पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी तेवढा पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतील डोळ्याला आधी अंधार व मग उजेड दिसला, तरच बदक पडले असे मानले जाते. एखाद्या चतुराने बंदूक घरातील दिव्यावर रोखली तर अंधाराच्या क्षणीही डोळ्याला उजेड दिसतो आणि ती साक्ष अग्राह्य ठरते. पुराव्याची इतकी सुटसुटीत उलटतपासणी आम्ही कोणत्याही कोर्टात पाहिलेली नाही. मात्र हे सारे गणित जुन्या काचनळीच्या टीव्हीवर बेतलेले असल्यामुळे आजच्या चपट्या पडद्यासमोर ही बंदूक आंधळी होते. नेम चुकल्यावर गवतातून डोके काढून हसणारा तो कुत्रा, हा आमच्या माहितीतील एकमेव न्यायाधीश की ज्याने आमची उघड थट्टा केली आणि आम्ही ती निमूट सोसली.

चौथा ‘टेट्रिस’. मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ साली तो निर्मिला. चार-चार चौकोनांच्या सात आकृती वरून पडतात. त्या फिरवून, जुळवून ओळ भरली की ती नाहीशी होते. या साध्या खेळाच्या हक्कांवरून जो झगडा झाला त्याचा कणा होता करारातील ‘संगणक’ या शब्दाची व्याख्या. कळफलक, पडदा इत्यादी असलेले यंत्र तेवढेच संगणक, असे सोव्हिएत सरकारी संस्थेने लिहून घेतले आणि घरगुती खेळयंत्रे त्या व्याख्येबाहेर राहिली. ते हक्क १९८९ साली निन्टेंडोस मिळाले. टेंजन या कंपनीने त्याच वर्षी मे महिन्यात आपली आवृत्ती विक्रीस काढली होती. जूनमध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयाने तिला मनाई केली. खुद्द निर्मात्यास मात्र आपल्या खेळाचा मोबदला मिळू लागण्यास १९९६ साल उजाडावे लागले. एका व्याख्येने कोणाचे किती बुडते, हे नव्या वकिलांनी यावरून ध्यानात घ्यावे.

खेळ म्हणून त्याचे वैशिष्ट्य असे की, त्यात विजय नाही. वेग वाढत जातो आणि केव्हातरी मनुष्य हरतोच. एकोणतिसाव्या पायरीपुढे मानवी बोटे चालणार नाहीत असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. पुढे खेळाडूंनी बटणे हाताळण्याच्या नव्या रीती शोधल्या; आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमाच्या एका १३ वर्षांच्या मुलाने १५७वी पायरी गाठली, तेव्हा यंत्रच थिजले. चौतीस वर्षांनी प्रथमच मनुष्याआधी कायद्याची पाने संपली! हे शक्य झाले, कारण या चौतीस वर्षांत त्या कॅसेटमधील एक अक्षरही बदललेले नव्हते. हल्ली हातातील फोनवर जे खेळ असतात त्यांतील पुष्कळांचे नियम मालक रातोरात बदलू शकतो, आणि प्राण संपले की नवे विकत घेण्यासाठी हात पुढे करतो. तेथे हरणाऱ्याच्या मनात संशय राहतो. जुन्या कॅसेटीपुढे तो उरत नाही. नियम सर्वांस ठाऊक, सर्वांस सारखा, आणि खेळ चालू असता न बदलणारा, एवढ्या तीन गोष्टी लाभल्या की माणूस पराभव आपला म्हणून स्वीकारतो. आमच्या कुतूहलाला मिळालेले उत्तर हे असे आहे.

पाचवा ‘काँट्रा’, हा मात्र या उत्तरात पुरता मावत नाही. कोनामी कंपनीचा हा खेळ या यंत्रावर १९८८ साली आला. दोन सैनिक, आठ टप्पे, प्रत्येकी तीन जीव, आणि एकच गोळी लागली की जीव गेला. दादा आमच्याहून चार वर्षांनी मोठा. पहिले बटण-यंत्र त्याचे, दुसरे आमचे. तिसऱ्या टप्प्यात धबधबा आहे. जो पुढे चढेल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला पडद्याखाली जाऊन मरतो. शत्रूच्या गोळीवाचून, केवळ जोडीदाराच्या घाईने मरण यावे अशी ती जागा. या खेळात आणखी एक तरतूद होती. आपले जीव संपले तर जोडीदाराच्या साठ्यातील जीव घेता येत असे. यंत्र देणाऱ्याची संमती पाहत नसे, आम्ही मात्र दर वेळी “घेऊ?” असे विचारीत असू. दादा पडद्यावरची नजर न काढता “घे” म्हणे. तो धबधब्यात थांबे. आम्ही थांबत असू की नाही, हे त्यालाच विचारावे लागेल.

बाबा निवर्तल्यावर काही वर्षांनी आमच्या घराची वाटणी निघाली. गोव्यातील वाचकांना इन्व्हेंटरीचा दावा म्हणजे काय हे सांगावयास नको. मालमत्तेची यादी होते, आणि घरासारखी न तुटणारी वस्तू वारसांतच बोलीला चढते. असे दावे आम्ही इतरांसाठी अनेक चालविले आहेत. सख्खे भाऊ केवळ दुसऱ्याला मिळू नये म्हणून बोली चढवीत नेतात, हे कैकदा पाहिले आहे. कायद्याने त्यांना तो हक्क दिलेला आहे, आणि त्यात कायद्याचे काही चुकतही नाही. आमच्या घराची बोली लागली तेव्हा दादा पुण्याहून आला होता. त्याची ऐपत आमच्याहून अधिक, हे दोघांनाही ठाऊक होते. दुसऱ्या बोलीनंतर तो थांबला. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर चपला घालता घालता तो इतकेच म्हणाला, “वरची खोली तेवढी ठेव. चवथीला येईन.”

त्याने थांबावे असा हुकूम कोणतेही न्यायालय देऊ शकले नसते. चोख नियम हरणाऱ्याला समाधान देऊ शकतो, हे आम्ही वर म्हटलेच आहे. परंतु नियमाला आपल्या पदरचा जीव काढून देता येत नाही. तो शेजारी बसलेल्या माणसाच्या साठ्यातूनच यावा लागतो.

तेव्हा ज्यांना हे यंत्र कोठे मिळेल त्यांनी पहिले चार खेळ एकट्याने खेळावेत आणि हरावयास शिकावे. काँट्रा मात्र, पुढेमागे ज्याच्याशी वाटणी व्हावयाची आहे, अशा माणसाबरोबर खेळावा.