तिसऱ्या रकान्यात कोणती भाषा?

जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेला, म्हणजे जेएलपीटीला बसणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांच्या वहीत पानावर तीन रकाने आखलेले असतात. पहिल्यात जपानी शब्द, दुसऱ्यात उच्चार आणि तिसऱ्यात इंग्रजी अर्थ. नगर जिल्ह्यात राहून, मराठी शाळेत घडलेल्या डोक्याने, मीही हे शब्द पाठ करत आले आहे. (जिल्हा कागदोपत्री अहिल्यानगर झाला, तरी बोलताना नगरच तोंडात येते.) या खटाटोपात माझे एक मत पक्के होत गेले. तिसऱ्या रकान्यातल्या इंग्रजीपायी मराठी विद्यार्थ्याचे बरेच कष्ट वाया जातात. तिथे मराठी हवी. हे मी भाषाभिमानातून म्हणत नाही, परीक्षेतल्या गुणांचा विचार करून म्हणते आहे.

आधी परीक्षेचे स्वरूप पाहू. ती १९८४ पासून घेतली जाते. पूर्वी तिच्या चार पातळ्या होत्या, २०१० पासून पाच झाल्या. एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत अवघड. आपल्याला जवळचे केंद्र पुण्याचे, आणि वेळा जुलै व डिसेंबर. जुन्या पद्धतीत शब्दांची मर्यादा जाहीर असे: सर्वांत खालच्या पातळीला सुमारे ८००, मग १५००, मग ६०००, आणि वरच्या टोकाला १०,०००. २०१० नंतर परीक्षा घेणाऱ्यांनी अधिकृत याद्या देणे थांबवले. भाषा शिकायची ती वापरण्यासाठी, नुसते शब्द पाठ करण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका. तरीही परीक्षा शब्दांवरच उभी आहे. लेखन नाही, संभाषण नाही, सगळे पर्याय निवडायचे. एन४ ला १८० पैकी ९० गुण मिळाले की पास, पण ऐकण्याच्या भागात ६० पैकी निदान १९ हवेतच. शब्द कानाला ओळखीचा नसेल तर व्याकरण कितीही पक्के असून त्या १९ गुणांत गाडी अडते. आणि माझ्या म्हणण्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की प्रश्नपत्रिका सूचनांसकट जपानीत असते. इंग्रजी अर्थ तिथे कुणी विचारत नाही. मग तो तुम्ही कुणासाठी पाठ करता?

शब्द कळला म्हणजे तो वाक्यात कुठे बसतो ते कळले. एन४ पासून एक प्रश्नप्रकार असा असतो, की शब्द दिलेला असतो आणि खाली चार वाक्ये. त्यांतल्या कोणत्या वाक्यात तो नीट वापरला आहे ते ओळखायचे. इथे यादी पाठ केलेला विद्यार्थी हमखास घसरतो. ‘सामुइ’ आणि ‘त्सुमेताइ’ या दोन्हींपुढे त्याने इंग्रजीत ‘कोल्ड’ लिहिलेले असते. पहिला शब्द हवेचा, दुसरा हाताला लागणाऱ्या वस्तूचा. मराठी माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. बाहेर थंडी आहे आणि माठातले पाणी गार आहे, एवढे दोन रकान्यांत लिहिले की काम झाले. ‘किरु’ आणि ‘हाकु’ यांच्यापुढे ‘वेअर’. एक कमरेच्या वरच्या कपड्यांसाठी, दुसरा पँट, मोजे, बुटांसाठी. आपण शर्ट घालतो, लुगडे नेसतो, फेटा बांधतो. वस्त्राप्रमाणे क्रियापद बदलते हे आपल्या जिभेला नवे नाही. धाकट्या-थोरल्या भावाला जपानीत वेगळे शब्द आहेत आणि इंग्रजीत एकच, हेही तसेच. दादा आणि धाकटा यांत घोटाळा करणारे घर आपल्या जिल्ह्यात सापडायचे नाही.

क्रियापदांच्या जोड्या हे एन४ चे खरे दुखणे. ‘ओचिरु’ आणि ‘ओतोसु’, ‘वारेरु’ आणि ‘वारु’, ‘किएरु’ आणि ‘केसु’. इंग्रजी टिपणे इथे ‘सकर्मक’, ‘अकर्मक’ अशी व्याकरणाची पाटी लावतात आणि विद्यार्थी ती पाटीच पाठ करत बसतो. मराठीत लिहा: पडणे आणि पाडणे, फुटणे आणि फोडणे, विझणे आणि विझवणे. ‘मिएरु’ आणि ‘मिरु’ म्हणजे दिसणे आणि पाहणे. ‘किकोएरु’ आणि ‘किकु’ म्हणजे ऐकू येणे आणि ऐकणे. ज्या भाषेने लहानपणीच ‘कप फुटला’ आणि ‘कप फोडला’ यांतला फरक, त्यातल्या दोषारोपासकट, शिकवला आहे, ती भाषा बाजूला ठेवून तोच फरक इंग्रजीच्या खिडकीतून बघायचा, हे मला अजब वाटते.

वाक्यरचनेतही तेच. जपानीत क्रियापद शेवटी येते, विभक्तीचे शब्द नामाच्या मागे लागतात, ‘कारा’ आणि ‘मादे’ हे आपले ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. पण शब्दसंग्रहाच्या दृष्टीने मोलाची आहेत ती जोडक्रियापदे. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे. ‘काइते ओकु’ म्हणजे लिहून ठेवणे. ‘वासुरेते शिमाउ’ म्हणजे विसरून जाणे. ‘मोत्ते कुरु’ आणि ‘मोत्ते इकु’ म्हणजे घेऊन येणे आणि घेऊन जाणे. घरातून निघताना जपानी माणूस ‘इत्ते किमासु’ म्हणतो, आणि आपल्याकडेही उंबऱ्यावरून ‘जाऊन येते’ असेच म्हणतात. आवडणे, कळणे, हवे असणे, एखादी गोष्ट येणे, या सगळ्यांत आपण ‘मला’ म्हणतो. मला पाणी हवे, मला जपानी कळते. जपानीत ‘होशिइ’, ‘वाकारु’, ‘देकिरु’ यांची ठेवणही हीच: हवी असलेली वस्तू कर्म होत नाही, तिला ‘गा’ लागतो. ‘आय वाँट’ असे पाठ केलेला विद्यार्थी तिथे कर्माचा ‘ओ’ लावतो आणि गुण घालवतो. इंग्रजी अर्थ इथे नुसता निरुपयोगी ठरत नाही, चूक करायला लावतो.

कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरे, यांचे काय? यावर मराठी औषध नाही, ती गिरवूनच येतात. पण एका अक्षराचे दोन उच्चार का, हा नवख्याला छळणारा प्रश्न मराठीतून चटकन उलगडतो. पाण्याचे अक्षर एकटे असले की ‘मिझु’, जोडशब्दात ‘सुइ’. आपणही प्यायला पाणी मागतो, पण जलाशय आणि जलविद्युत म्हणतो. आग आणि अग्निशमन यांचेही तसेच. जपानीने चिनीकडून घेतले, मराठीने संस्कृतकडून. घरचा शब्द एकटा वावरतो आणि आणलेला शब्द समासात बसतो. शिवाय आठवड्याचे वार पाहा. एन५ च्या मुलांना ‘कायोबी’ म्हणजे अग्नीचा वार आणि ‘सुइयोबी’ म्हणजे पाण्याचा वार, असे विचित्र काहीतरी पाठ करताना मी पाहते. वास्तविक अग्नीचा तारा म्हणजे मंगळ, पाण्याचा बुध, लाकडाचा गुरू, धातूचा शुक्र, मातीचा शनी. सूर्य आणि चंद्र धरून सातही वार आपल्या पंचांगाच्या क्रमाने येतात. ‘ट्यूसडे’मध्ये हा मंगळ दिसत नाही, मंगळवारात तो नावानेच बसलेला आहे. जपानी अक्षरमालेचा क्रमही सिद्धम् लिपी अभ्यासणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतून आलेला. अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. आजचा ‘ह’ पूर्वी ‘प’ होता आणि ‘स’चा उच्चार ‘च’च्या जवळ होता असे भाषाभ्यासक सांगतात; तसे वाचले तर ही आपलीच वर्णमाला. शब्दकोश उघडताना याचा उपयोग रोज होतो.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा, की पुस्तके आणि मोबाइलवरची अ‍ॅप इंग्रजीत आहेत, मग मराठी अर्थ आणायचे कुठून? उत्तर साधे आहे: आपणच लिहायचे. अर्थ स्वतः शोधून लिहिण्यात जो वेळ जातो त्यातच निम्मे पाठांतर होते. दुसरा आक्षेप अधिक पटण्यासारखा वाटतो. जपानीत इंग्रजीतून आलेले ढीगभर शब्द आहेत, तिथे इंग्रजीच कामाला येणार. येते, पण बेताने. ‘मान्शोन’ म्हणजे महाल नव्हे, साधा फ्लॅट. ‘कोन्सेन्तो’ म्हणजे संमती नव्हे, भिंतीवरचा सॉकेट. ‘बाइकु’ म्हणजे मोटरसायकल, आणि गंमत अशी की आपल्याकडेही ‘बाईक’चा अर्थ तोच आहे. ‘पान’ हा शब्द तर पोर्तुगीजांकडून जपानला गेला, आणि त्यांच्याच गलबतांतून तो आपल्याकडे ‘पाव’ होऊन आला.

तिसरा आक्षेप नोकरीचा. पुणे-नगर रस्त्यावरच्या रांजणगाव, सुपे अशा वसाहतींत दुभाष्याचे काम जपानी आणि इंग्रजी यांच्यामध्ये चालते, मग मराठीतून शिकलेला तिथे काय करणार? दुभाष्याला इंग्रजी लागते हे मान्य. पण त्या कामासाठी एन३-एन२ च्या पुढची तयारी लागते, आणि तिथपर्यंत पोहोचलेल्याला पक्क्या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द जोडणे जड जात नाही. अडचण आहे ती एन५-एन४ मध्येच गळणाऱ्यांची. भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये कुशल कामगारांविषयी सहकार्याचा करार झाला. रुग्ण-वृद्धांची शुश्रूषा, शेती, अन्नप्रक्रिया अशा कामांसाठी जपानला जायचे तर कौशल्याच्या चाचणीबरोबर भाषेची एन४ किंवा त्या तोडीची दुसरी परीक्षा लागते. संगमनेरच्या गोठ्यात किंवा राहुरीच्या शेतात वाढलेल्या, नर्सिंगचा छोटा अभ्यासक्रम केलेल्या मुलीला हा दरवाजा खुला आहे. तिचे इंग्रजी कच्चे असेल, तर आजची पद्धत तिला दोन परदेशी भाषांच्या परीक्षेला बसवते आणि नापास झाल्यावर जपानी अवघड असल्याचे सांगते.

मराठीलाही मर्यादा आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘आरु’ आणि ‘इरु’ दोन्ही आपल्याला ‘असणे’च, निर्जीव-सजीव हा भेद नव्याने अंगी लावावा लागतो. ‘आगेरु’ आणि ‘कुरेरु’ दोन्ही ‘देणे’, फक्त देण्याची दिशा वेगळी. फोनवर आपण ‘आलेच’ म्हणतो तिथे जपानी माणूस ‘जाते’ म्हणतो. लांब वस्तू, चपट्या वस्तू, लहान प्राणी मोजायला निराळे प्रत्यय लागतात, त्यांना मराठीत जोड नाही. अशा ठिकाणी एका शब्दाचा अर्थ पुरत नाही, मराठीत एक ओळ लिहावी लागते. मात्र या अडचणी मोजक्या आहेत, आणि त्यांतली एकही इंग्रजीने सुटत नाही.

वर्गासाठी पुणे गाठावे लागते ही नगरच्या, अकोल्याच्या, पाथर्डीच्या मुलांची तक्रार खरी आहे. उच्चार आणि संभाषणासाठी शिक्षक हवाच. शब्दांचे मात्र तसे नाही. ते घरी बसून, रेकॉर्डिंग कानावर पाडत, छोट्या वाक्यांत गुंफून पाठ होतात. त्यासाठी हाताशी मराठी अर्थांची नीट केलेली यादी हवी. जिल्ह्यात आणि पुण्यात जपानी शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: एन५ आणि एन४ चे शब्द, प्रत्येकाला एक मराठी वाक्य देऊन, एकत्र बसून लिहून काढा आणि फुकट वाटा. जुन्या मर्यादेने हे जेमतेम १५०० शब्दांचे काम आहे. तोपर्यंत डिसेंबरच्या परीक्षेला बसणाऱ्यांनी आपापल्या वहीतला तिसरा रकाना आजच बदलायला घ्यावा.