भाडेपट्ट्याचे घर

दीर्घकाळ बेघर राहिलेल्या माणसांसाठी न्यूयॉर्क शहराच्या कर्जातून ज्या इमारती उभ्या राहतात, त्यांच्या उभारणीचे संचालन करणे हा माझा व्यवसाय. आणि त्याविषयी कोणी पृच्छा केली, तर आम्ही बांधतो ती भाड्याची घरे आहेत, हे मी सर्वप्रथम सांगतो. निवाऱ्यातली खाट आज एकाची तर उद्या दुसऱ्याची; परंतु ज्याच्या नावाचा करारनामा झाला, जो आपल्या उत्पन्नाचा सुमारे 30 टक्के भाग भाडे म्हणून भरतो, आणि ज्याला बेदखल करावयाचे तर मालकाला न्यायालयाची पायरी चढावी लागते, तो मनुष्य कितीही विपन्न असला तरी भाडेकरू असतो.

हा भेद उमगण्यास या शहराला पुष्कळ काळ लागला. एके काळी येथे एकेका खोलीने भाड्याला मिळणारी हॉटेले विपुल होती. आपल्याकडील चाळीप्रमाणे शौचालय सामाईक आणि खोली लहान, पण भाडे मजुराच्या आवाक्यातले. 1955 साली अशा नव्या खोल्या बांधण्यास मनाई झाली, पुढे करसवलतींच्या आधाराने जुन्या हॉटेलांच्या महागड्या सदनिका झाल्या, आणि त्याच सुमारास राज्याच्या मनोरुग्णालयांतून सोडलेल्या रुग्णांची अन्यत्र तजवीज न झाल्याने ते रस्त्यावर आले. 1979 साली रॉबर्ट हेझ या तरुण वकिलाने बेघर पुरुषांच्या वतीने फिर्याद गुदरली, 1981 साली तडजोडीचा हुकूमनामा झाला, आणि निवारा देण्याचे बंधन शहराने पत्करले. ज्याच्या नावाने ती फिर्याद चालली तो रॉबर्ट कॅलाहन सह्या होण्यापूर्वीच रस्त्यावर मरण पावला होता. त्या हुकूमनाम्याने खाट मिळाली, घर मात्र नाही. घराची वाट दाखविली ती 1980 साली पूर्व चोविसाव्या रस्त्यावरील जुने हॉटेल घेऊन, तेथे भाडेकरू आणि त्यांना साहाय्य करणारे समाजसेवक यांना एका छताखाली आणणाऱ्या फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी. आणि नव्वदीच्या आरंभी रोझॅन हॅगर्टी यांनी टाइम्स स्क्वेअर हॉटेलात 652 घरे सिद्ध करून हे काम मोठ्या प्रमाणावरही होऊ शकते हे दाखविले.

आज आमच्या इमारतींत साधारणतः दहांतील सहा घरे निवाऱ्यातून किंवा रस्त्यावरून आलेल्यांसाठी असतात, आणि उरलेली अल्प उत्पन्नाच्या इतर कुटुंबांना सोडतीने मिळतात. पैसा अनेक हातांतून येतो: शहराचे अल्पव्याजी कर्ज, 1986 च्या संघराज्य कायद्याने निर्माण झालेली करसवलत विकत घेणाऱ्या गुंतवणूकदारांचे भांडवल, बँकेचे बांधकामापुरते कर्ज, आणि या सर्वांचे दस्तऐवज एकमेकांशी जुळवून गहाणखतांसह एकाच बैठकीत पुरे करावे लागतात. हे क्लिष्ट असले तरी शिकता येते, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही.

खरी परीक्षा काटछाटीच्या यादीत असते. कंत्राटदारांचे आकडे अंदाजपत्रकाच्या वर जातात, आणि वास्तुविशारद, कंत्राटदार व शहराच्या कर्ज देणाऱ्या खात्याचे अधिकारी टेबलाभोवती बसून काय गाळता येईल ते पाहू लागतात. त्या यादीत प्रत्येक वेळी काही गोष्टी हमखास येतात: मजल्यावरील लांब मार्गिकेच्या टोकाची खिडकी, तळघरात ढकलता येण्याजोगी कपडे धुण्याची खोली, आणि घराचा भरीव लाकडी दरवाजा, ज्याच्या जागी पोकळ दरवाजा सुचविलेला असतो. दर्शनी भिंतीची वीट मी साधी करू देतो, प्रवेशकक्षाची फरशी बदलू देतो. या तिन्हींवर मात्र अडून बसतो. ज्याने अनेक वर्षे शंभर माणसांच्या दालनात एक डोळा उघडा ठेवून रात्री काढल्या, त्याला मार्गिकेतल्या प्रत्येक पावलाने जाग येते. भरीव दरवाजा आणि त्याच्या चौकटीला बसविलेली रबरी पट्टी ही त्याच्या झोपेची सामग्री होय. तळघरात एकटे जावयाची धास्ती वाटणारी स्त्री कपडे धुण्याचेच टाळते; तीच खोली तळमजल्यावर, अंगणाकडे काच असलेली अशी केली, की तिथे शेजाऱ्यांची ओळख होते. सोडतीने आलेल्या आणि शहराने पाठविलेल्या माणसांच्या घरांत नळ, दिवा, कुलूप यांचा तिळमात्र फरक असता कामा नये, असाही माझा आग्रह असतो. कारण दारावरून पूर्वेतिहास वाचता आला तर शेजार जमत नाही.

आमच्या इमारतीत राहावयास आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी करारनामा वाचायला घेतला, तेव्हा कारकुनाने सही कोठे करावयाची ते बोटाने दाखविले. पण त्यांनी चष्मा पुसून प्रत्येक कलम वाचले, आणि अखेर इतकेच विचारले, की लेक फिलाडेल्फियाहून आली तर तिला रात्री ठेवून घेता येईल ना. येईल, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी ते कलम पुन्हा एकदा वाचून मगच सही केली.

अशा माणसाचा भाडेपट्टा टिकावयाचा तर इमारतीतला समाजसेवकही टिकला पाहिजे. भाडे थकले, औषध बंद पडले, दार तीन दिवस उघडले नाही, तर ते प्रथम त्याच्या ध्यानी येते, आणि प्रकरण न्यायालयात जाण्यापूर्वी हप्ते बांधून घेणे त्यालाच साधते. परंतु विटांसाठीचे कर्ज अनेक दशकांचे, तर सेवेचा ठेका त्याहून पुष्कळ तोकड्या मुदतीचा, निराळ्या खात्याचा आणि नूतनीकरणाच्या भरवशावरचा. पगार अपुरा म्हणून अनुभवी माणसे सोडून जातात, आणि नव्याला भाडेकरूंचा विश्वास संपादन करण्यास पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. कर्ज मंजूर होते त्याच ठरावात सेवेच्या खर्चाची तरतूद तितक्याच मुदतीची व्हावी, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक नव्या प्रस्तावाच्या टिपणात ती मागणी मी पहिल्याच पानावर लिहितो, आणि खात्याकडे तिचा तगादा लावतो.