भेग आणि धागा

वाशी, तुर्भे, नेरूळ या भागांत जुन्या इमारतींत राहणाऱ्या आम्हा लोकांचा पावसाळा आधी छतावर उमटतो. एक ओला डाग येतो, त्याचे पोपडे होतात, आणि एके दिवशी गिलाव्याचा तुकडा खाली पडून आतली तांबूस सळई दिसू लागते. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि भातशेतीच्या व मिठागरांच्या जागी हे शहर उभे राहू लागले. कोकणातून, देशावरून, मुंबईच्या चाळींतून आमची माणसे इथे आली. कुणी प्रॉव्हिडंट फंड मोडला, कुणी बायकोचे दागिने विकले. ते सारे आयुष्य आज एका स्लॅबच्या भरवशावर आहे.

आमच्या सोसायटीच्या सभेत एका ठेकेदाराने स्वस्तातला उपाय सुचवला. "सळयांना हात लावायला नको. मसाल्यात फायबर टाकून गिलावा करून देतो. इमारत पोलादासारखी होईल." निवृत्त माणसांना ही गोष्ट गोड वाटली. पन्नास किलो सिमेंटच्या गोणीला सव्वाशे ग्रॅमची एक पुडी. एवढ्यावर भागत असेल तर आणखी काय हवे?

फायबर काही खोटी वस्तू नव्हे. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताणापुढे ते दुबळे. दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दहावा हिस्साच ताण त्याला सोसतो. म्हणून त्यात सळई घालतात. तंतूंचे काम वेगळे आहे. भेग पडू लागली की तिच्या दोन्ही काठांना ते आडवे धरून ठेवतात आणि तिला रुंदावू देत नाहीत. त्याने काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद फारशी वाढत नाही. वाढतो तो चिवटपणा. तडा गेल्यावरही ते एकदम तुटून पडत नाही. गोदामांच्या जमिनीत एका घनमीटरला वीस ते चाळीस किलो पोलादी तंतू घालतात, ते यासाठीच. पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू ओला गिलावा वाळताना पडणाऱ्या केसासारख्या भेगा कमी करतात. आगीतही त्यांचा उपयोग होतो. ते साधारण १६० अंशांना वितळतात, आतल्या वाफेला वाट मिळते आणि काँक्रीटच्या ढलप्या उडणे कमी होते.

ही युक्ती आपल्या मातीला नवी नाही. भिंतीच्या चिखलात भाताचा पेंढा आणि तूस तुडवणारे आपले वाडवडील हेच करत होते. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचे संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. शतके लोटली तरी तो गिलावा काही ठिकाणी टिकून आहे.

मग सभेत अडले कुठे? आमच्यातल्या एका वयस्क मिस्त्रींनी हात वर केला. चाळीस वर्षे गवंडीकाम केलेला माणूस. ते म्हणाले, "भाईजान, धागा भेगेला धरतो, गंजाला नाही."

खाडीच्या खाऱ्या हवेतले क्षार आणि गळतीचे पाणी सळईपर्यंत पोचले की ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. १९७३ साली खुला झालेला पहिला वाशी खाडीपूलही या गंजातून सुटला नाही. १९९७ साली शेजारी दुसरा पूल आला. गंजलेल्या सळईवर तंतूंचा गिलावा चढवणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. शिवाय तंतू प्रमाणाबाहेर पडले तर त्यांचे गोळे होतात, मसाला घट्ट होतो, मजूर वरून पाणी ओततो आणि असलेली ताकदही जाते. तुळई आणि खांबातल्या मुख्य सळईची जागा ही पुडी घेऊ शकत नाही.

मिस्त्रींनी क्रम सांगितला. आधी गच्चीची आणि नळांची गळती बंद करा. सैल काँक्रीट काढा. सळई घासून स्वच्छ करा, झिजली असेल तिथे नवी जोडा, गंजरोधक लेप द्या. मग नवा मसाला भरा. त्यात तंतू खुशाल घाला. आणि हे सगळे स्ट्रक्चरल इंजिनियरने तपासणी करून लिहून दिल्यावरच.

खर्च तिपटीने वाढला. सभा तापली. "मरेपर्यंत टिकली म्हणजे झाले," असे एक बुजुर्ग बोलून गेले, तेव्हा मागून एका मुलीने विचारले, "चाचा, कुणाच्या मरेपर्यंत?" त्यावर कुणी बोलले नाही. तिची दोन भावंडे त्याच छताखाली झोपतात.

ठराव मंजूर झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या खालाजान एकट्या राहतात, पेन्शनही नाही. त्यांच्या हिश्शाचे लहान हप्ते पाडले आणि काही घरांनी त्यातला भार गुपचूप उचलला. काम सुरू झाले ते त्यांच्या स्वयंपाकघरापासून, कारण इंजिनियरच्या अहवालात सर्वांत वाईट छत तेच होते.