मध्येच तुटणारा स्वर

काही बिघाड सरळ स्वभावाचे असतात. दिवा गेला की गेला, पंखा थांबला की थांबला. मिस्त्री येतो, भाग बदलतो आणि प्रकरण निकाली निघते. अधूनमधून डोके वर काढणारा बिघाड मात्र मोठा लबाड. दुरुस्ती करणाऱ्यासमोर वस्तू आदर्श वर्तन करते आणि घरी आणताच मूळ स्वभावावर जाते. राज्य शासनाच्या सेवेत उभी हयात घालविल्यामुळे अशा वर्तनाची माणसे आम्ही पुष्कळ पाहिली. अशी वस्तू आमच्या वाट्यास आली ती निवृत्तीनंतर.

आमचे थोरले बंधू, ज्यांस सारे घर दादा म्हणे, विजेवर चालणारी हवाईयन गिटार वाजवीत. वाद्य आडवे ठेवायचे आणि डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवीत स्वर काढायचे. मींड सहज निघते म्हणून हे परके वाद्य आपल्याकडे रुजले. व्हॅन शिप्ले, हजारासिंग, सुनील गांगुली यांनी वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या धुना आमच्या पिढीच्या कानांत अजून आहेत. ब्रिजभूषण काबरा यांनी त्यावर रागदारी वाजविली. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका १९६७ साली निघाली. दादांनी मात्र हौसेपुरते वाजविले. इंदूरच्या मराठी वस्त्यांतील गणेशोत्सव हेच त्यांचे व्यासपीठ.

दादा जाऊन तीन वर्षे झाली. वहिनींचे वय आता एक्याऐंशी. त्यांची श्रवणशक्ती हळूहळू क्षीण होत जाणार, असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा त्यांनी एकच मागणे केले. "भाऊजी, ती गिटार नीट करून आणा. ऐकू येतंय तोवर ऐकून घेते." आजोबांकडून चार धुना शिकलेली नात वाजवावयास तयार होती. अडचण एवढीच, की मिनिटभर स्वर सुरेख येई, मग एकाएकी लोप पावे. मग खर्रर्र आवाज होऊन परत येई. एका दुकानदाराने वाद्य तीन दिवस ठेवून घेतले आणि "इसमें कुछ नहीं है" म्हणून परत केले. पुण्याहून पुतण्याने फोनवर सुचविले, "काका, जुनी झाली ती, नवी घेऊ." नव्या वाद्यात दादांचा हात कोठून यावा?

तेव्हा आम्ही कचेरीतला जुना मार्ग धरला. अडलेली नस्ती शोधावयाची तर ती कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जाते, हे प्रथम ठाऊक पाहिजे. या वाद्यात तारांखाली लोहचुंबक असतो व त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखविलेले हे तत्त्व. धरणावरील जनित्रेही त्यावरच चालतात. ती वीज आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणातून सॉकेटमध्ये, तेथून केबलने अँप्लिफायरमध्ये जाते. म्हणजे टेबले मोजकीच. नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. दोन बदलल्या तर दोषी कोण हे कधीच कळत नाही.

प्रथम नवी केबल लावली. स्वर तुटतच राहिला. शेजारच्या मुलाची गिटार दादांच्या अँप्लिफायरला जोडली. ती संध्याकाळभर वाजली. त्यामुळे अँप्लिफायर निर्दोष ठरला. तो उघडावा लागला नाही हे बरेच झाले, कारण वीज बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक भार शिल्लक राहू शकतो. बटण फिरवून पाहिले. खरखर नाही, म्हणजे आत धूळ साचलेली नाही. शेवटी वाजत असताना केबलचे टोक अंगठ्याने किंचित हलविले आणि स्वर गेला. पुन्हा हलविले, आला. नस्ती सॉकेटवर अडली होती.

हे टोक मूळचे टेलिफोन एक्स्चेंजमधले. ट्रंक कॉलच्या काळात ऑपरेटर ज्या खुंट्या फळ्यावर खोचीत, त्यांच्याच घराण्यातली ही ६.३५ मिलिमीटरची खुंटी.

महाराणी रोडच्या एका गल्लीतील वृद्ध रेडिओ कारागिराने आमच्यासमोर झाकण उघडले. सॉकेटचा नट सैल झाला होता. केबल खोचताना दरवेळी सॉकेट जागेवर फिरे, त्याबरोबर आतली तार पिळली जाई. आता ती एका धाग्यावर लोंबत होती. "साहब, एक धागे पे अटकी है," ते म्हणाले. त्यांनी जुना डाग काढला, तारेचे टोक सोलले, आधी जोड तापविला आणि मगच त्यास कथील लावले. डाग थंड होईपर्यंत हात हलू दिला नाही. हलला तर जोड वरून धड दिसतो पण आतून कच्चा राहतो. सॉकेटची पत्ती थोडी आत वाकविली, नट आवळला. मजुरी शंभर रुपये.

त्या संध्याकाळी नातीने सगळ्या धुना वाजविल्या. स्वर एकदाही तुटला नाही. वहिनी खुर्ची जवळ ओढून बसल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी आपला तळवा वाद्याच्या लाकडावर ठेवला. "हातालाही कळतं हो," त्या म्हणाल्या.

आता नात दर रविवारी येते. तिने केबल खोचण्यापूर्वी तो नट सैल झाला नाही ना, एवढे पाहण्याचे काम आम्ही आपल्याकडे घेतले आहे.