बर्फाच्या गावातली परीक्षा

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ब्रेकेनरिज नावाचे एक गाव आहे. आपल्या कळसूबाईची उंची सुमारे ५,४०० फूट. या गावाचा बाजार भरतो तोच साडेनऊ हजार फुटांवर! १८५९ साली सोन्याच्या ओढीने माणसे येथे आली. पुढे सोने ओसरले; पण १९६१ साली डोंगरावर स्कीचा खेळ सुरू झाला आणि बर्फालाच सोन्याचा भाव आला.

डेन्व्हरला माझी भाची राहते. तिने व भाचेजावयांनी मला मोटारीत घातले आणि आयझेनहॉवर बोगद्यातून या गावी आणले. सोबत त्यांची सात वर्षांची चिमी होती. ती पायांत लांब फळ्या अडकवून खारीसारखी पळत होती. मी मात्र कानटोपी सावरीत कॉफीच्या पेल्याशी बसलो होतो.

डोंगर चढायला येथे चेअरलिफ्ट असते. हिची जन्मकथा मोठी मौजेची आहे. जहाजावर केळ्यांचे घड चढविण्याचे यंत्र एका रेल्वे इंजिनियरने पाहिले होते. घडाच्या जागी खुर्ची टांगून त्याने १९३६ साली आयडाहोतील सन व्हॅली येथे पहिली चेअरलिफ्ट उभारली. खुर्ची मागून येते, गुडघ्यांना टेकते आणि माणसाला उचलून नेते. मूल नीट बसले नाही, तर खाली उभ्या असलेल्या नोकराने तत्क्षणी बटण दाबायचे. चिमीचा जीव त्या एका हातात!

तो हात एका आर्जेन्टिनाच्या विद्यार्थ्याचा होता. त्यांच्याकडे डिसेंबरात उन्हाळ्याची सुट्टी असते, म्हणून अशी मुले इकडे हंगामी कामाला येतात. दुपारच्या सुट्टीत तो आमच्या टेबलाशी टेकला आणि त्याने आपल्या खोलीतल्या सोबत्याची हकिगत सांगितली. तो सोबती पूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी कामाला होता. गुरुवारी फाटकात त्याचे बोट चेंगरले. नियमाप्रमाणे लघवी तपासली, तेव्हा गांजाचा अंश निघाला. गांजा ओढला होता शनिवारी, सुट्टीच्या दिवशी. नोकरी गेली, खोली कंपनीची, म्हणून तीही गेली. भर बर्फात पोरगा रस्त्यावर आला!

वाचकांना वाटेल, गांजा ओढला तर शिक्षा व्हायचीच! परंतु कोलोरॅडोच्या मतदारांनी २०१२ साली एकवीस वर्षांवरील माणसांना गांजाची मुभा दिली आणि १ जानेवारी २०१४ पासून तो दुकानांत उघड विकला जाऊ लागला. केंद्राच्या कायद्याने मात्र तो गुन्हाच राहिला. गंमत अशी, की गाव राज्याच्या कायद्याखाली आणि स्कीचा डोंगर केंद्र सरकारच्या राखीव जंगलात! बाजारात जे चालते, ते उतारावर चालत नाही. घरी, औषध म्हणून गांजा घेणाऱ्या एका अपंग कर्मचाऱ्याला कामावरून काढले होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली मालकाच्याच बाजूने कौल दिला.

भाचेजावई म्हणाले, “मामा, तुम्हांला त्या पोराची कीव येते हे ठीक, पण आमची चिमी त्या खुर्चीत बसते. तपासणी हवीच.”

“अहो जावईबापू, तपासणीला माझी ना नाही,” मी म्हटले. “पण ही तपासणी नेमके काय सांगते?”

खरी ग्यानबाची मेख येथेच आहे. दारू काही तासांत शरीरातून निघून जाते आणि फुंकरीच्या यंत्रावर ती त्या वेळेपुरती कळते. गांजाचे तसे नाही. नशा काही तासांत उतरते, पण तिचे अवशेष लघवीत कित्येक दिवस, नेहमी ओढणाऱ्याच्या तर कित्येक आठवडे सापडतात. म्हणजे शनिवारी गांजा ओढलेला पोरगा गुरुवारी दोषी ठरतो आणि रात्रभर दारू पिऊन सकाळी डोके धरून कामावर आलेला गडी लघवीच्या परीक्षेत कदाचित सुटून जातो! कॅलिफोर्नियाने २०२४ पासून बहुतेक नोकऱ्यांत अशा निव्वळ अवशेषांवरून माणसाला नाकारण्यास मनाई केली आहे, ती यामुळेच.

तथापि, सगळी कामे सारखी नसतात. मोठ्या बसच्या चालकांना १९९१ च्या केंद्रीय कायद्यामुळे तपासणी चुकत नाही. हिमकडे आपण होऊन कोसळू नयेत म्हणून गस्तीवाले ते सुरुंगाने पाडतात. गांजा घेणाऱ्याला स्फोटके बाळगण्यास केंद्राची बंदी आहे. हे मला रास्त वाटते. पण तिकिटे देणारी मुलगी आणि सूप वाढणारा आचारी यांनाही त्याच तराजूत का घालावे?

आणखी एक गोष्ट. १९७६ साली व्हेल येथे पाळणे कोसळून चार माणसे गेली, ती दोराचे तंतू उसवल्यामुळे. आपल्या गुलमर्गला २०१७ साली सात जण गेले, ते वाऱ्याने उन्मळलेले झाड तारेवर पडल्यामुळे. माणसाची लघवी तपासली म्हणजे दोर तपासल्याचे पुण्य लागत नाही.

माझ्या मते, बटणावर, सुरुंगावर किंवा चाकावर ज्याचा हात आहे, त्याची परीक्षा जरूर व्हावी. पण ती त्या घटकेच्या सावधपणाची असावी. कामावर नशेत आढळला तर त्याला दयामाया नको. सुट्टीतल्या शनिवारचा हिशेब मात्र गुरुवारी मागू नये.

भाचेजावई जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मामा, सावधपणा मोजणारे यंत्र मिळेपर्यंत काय करायचे?”

भाचीने उत्तर दिले, “ज्याच्या हाताखाली ही पोरे काम करतात, त्याने रोज सकाळी त्यांच्याशी दोन शब्द बोलावे. डोळ्यांत पाहिले की पुष्कळ कळते.”

यंत्रांच्या देशात राहून माझी भाची हे बोलली, याचे मला मोठे समाधान वाटले.